केराचा डाव

गोदीबाबूंच्या हातात काहीही द्या, ते दोन आकडे सांगायचे. एक दामाचा, एक जोराचा. मी मातीच्या कपात चहा दिला की एक घोट घेऊन म्हणायचे, "दाम दहा, जोर चाळीस." कुणाची नवी छत्री उघडून बघायचे आणि म्हणायचे, "दाम पाचशे, जोर तीन. पहिल्या वाऱ्याला उलटी." आमचा दुकानमालक काचेच्या कपाटामागं फोनवर मोठ्यानं बोलत बसलेला असायचा. त्याच्याकडे न बघता माझ्याकडे झुकून हळूच म्हणायचे, "दाम एक लाख. जोर दोन." मी तोंडाला पदर लावायची.

एकदा मी विचारलं, "बाबू, आणि माझं काय?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, जसं काही क्रेननं नुकतंच उचलून आणलंय, आणि म्हणाले, "माल अजून उतरला नाही." मला राग आला होता. म्हटलं, म्हाताऱ्याला छत्रीचा आकडा सांगता येतो आणि माणसाचा येत नाही?

खिदिरपूरच्या गोदीत त्यांची सगळी नोकरी झाली. जहाजातून माल उतरला की त्याची किंमत किती धरायची, ते ठरवायचं काम. म्हणून मी त्यांना गोदीबाबू म्हणायची. दुकानातली पोरं दादू, म्हणजे आजोबा, म्हणायची. रिटायर झाल्यावर बायको वारली, मुलगी लांब दिली, आणि हे दर शनिवारी दोन बस बदलून सॉल्ट लेकला आमच्या दुकानात पत्ते खेळायला यायचे. रमी-बिमी नव्हे. ते चित्रांचे पत्ते. राक्षस, जादूगार, उडते घोडे. प्रत्येक पत्त्याच्या कोपऱ्यात एक आकडा, त्या प्राण्याचा जोर किती तो.

मी तिथं झाडू मारायला आणि चहा करायला होते. कशी आले ते थोडक्यात सांगते. मी विट्याकडची. आमच्या भागातली माणसं सोनं गाळायला साऱ्या देशात पांगलीत. माझा नवरा गलाईवाला. लग्न झालं आणि मी कलकत्त्याला आले, बोबाजारच्या एका गल्लीत, जिथं दिवसासुद्धा दिवा लावायला लागायचा. खाली भट्टी, वर आम्ही. तेजाबाचा धूर सगळा जिन्यानं वर यायचा. एक मुलगी झाली, ती तापात गेली. पुढं काही झालं नाही. मग मोठी मशीनं आली, नवऱ्याचं काम गेलं, धूर तेवढा त्याच्या छातीत राहिला. उल्टाडांग्याला खोली घेतली आणि मी कामाला लागले. यात रडण्यासारखं काही नाही, पुष्कळांचं असंच झालं.

पण गलाईवाल्याच्या घरात एक गोष्ट हाडात मुरते. केर टाकायचा नाही. सोनाराच्या दुकानातला केर आमची माणसं विकत घ्यायची. पायपुसणं, झाडू, हात धुतलेलं पाणीसुद्धा. ते सगळं जाळून, धुऊन, गाळून शेवटी मुशीत तांदळाएवढा मणी निघायचा, सोन्याचा. म्हणून कुठल्याही दुकानात झाडू हातात घेण्याआधी विचारायचं, केर कुणाचा? न विचारता उचललात तर चोर ठरता.

मी पहिल्याच दिवशी मालकाला विचारलं, "केराचं काय करू?"

तो खो खो हसला. "केराचं काय करतात माशी? ने, तुझाच."

माशी म्हणजे बंगालीत मावशी. कलकत्त्यात कामाच्या बाईला सगळे तेच म्हणतात. इतकी वर्षं झाली तरी माझ्या कानाला ते घाणीवर बसणाऱ्या माशीसारखंच लागतं. आणि 'माशी' म्हणून वर 'तू'. गोदीबाबू एकटेच 'आपनी' म्हणायचे, म्हणजे आपल्याकडचं 'तुम्ही'. ते त्या पहिल्या दिवशी कोपऱ्यात बसले होते. माझा प्रश्न ऐकून त्यांनी मान वर केली. म्हणाले, "हा प्रश्न गोदीत लोकांना कळायला दहा वर्षं लागतात."

आता केर कसला होता ते सांगते. अजून आठवलं तरी डोकं तापतं. तीनशे रुपयांचं एक पाकीट. त्यात पंधरा पत्ते. येणारी माणसं, सगळी शिकलेली, ऑफिसात कामाला, गळ्यात ओळखपत्रं, ते पाकीट दातानं फोडायची. त्यातला एक चकाकणारा पत्ता शोधायची. तो प्लॅस्टिकच्या कव्हरात घालायची आणि बाकीचे चौदा तिथंच टाकायची. टेबलावर, खुर्चीखाली. एकदा तर हात धुवायच्या बेसिनमध्ये. चांगला जाड कागद, रंगीत चित्र, कुणीतरी बसून काढलेलं. मी एकाला म्हटलं, "अरे बाळा, हे काय वाईट आहेत का?" तो म्हणाला, "माशी, याला काही दाम नाही." मी एक एक उचलून, पुसून, तांदळाच्या रिकाम्या पोत्यात ठेवायची.

आणि दामाचा तमाशा तरी केवढा! दुकानात दोन टेबलं होती. एका टेबलावर कुठलाही जुना-नवा पत्ता चालायचा. दुसऱ्यावर फक्त गेल्या दोन वर्षांतले. त्याला ते फॉरमॅट म्हणायचे. आता दोन वर्षं झाली की पत्ता त्या दुसऱ्या टेबलावरून बाद. काल तीन हजाराचा, आज तीस रुपयांचा. एका पोरीला मी रडताना बघितलंय. गोदीबाबू तिचा पत्ता हातात घेऊन तिला दाखवत होते, "हा कोपऱ्यातला आकडा बघ. काल सात होता. आज किती आहे?"

"सात."

"मग गेलं काय? दाम आलादा, जोर आलादा."

दाम वेगळा, जोर वेगळा. हे त्यांचं पालुपद. दोन्ही शब्द आपल्यातही तेच आहेत, म्हणून मला पहिल्यांदा ऐकतानाच कळलं. आणि मला माझा नवरा दिसला. दहाव्या वर्षापासून भट्टीपुढं बसलेला, डोळ्यांनी कस सांगणारा माणूस. मशीन आलं त्या दिवशी त्याच्या डोळ्यांतलं काही कमी झालं नव्हतं. फक्त त्याचं टेबल बदललं होतं.

ती रडणारी पोरगी सायली. नाशिकची, सेक्टर फाइव्हमध्ये कॉम्प्युटरचं काम करते. हे सगळं मी सांगते आहे आणि तीच लिहून घेते आहे, कारण मी तिसरीपर्यंत शिकले, आणि पुढं आकड्यांशीच काय तो संबंध राहिला. ती मला मावशी म्हणते. गोदीबाबूंनी तिचं ऐकून विचारलं, "हे मावशी काय?" तिनं सांगितलं, माशी आणि मावशी यात काय फरक आहे तो. त्या दिवसापासून मी त्यांची "माओशी". 'व' त्यांना कधी म्हणता आला नाही.

सायली नवीन होती तेव्हा गळ्यात ओळखपत्र घातलेल्या एका उंच चष्मेवाल्यानं तिला हरवलं. त्याच्या हातातल्या साठ पत्त्यांचा दाम ऐंशी हजार, हे तो स्वतःच सांगायचा. तीन मिनिटांत खेळ संपला. गोदीबाबू प्रेमानं म्हणाले, "आबार चेष्टा करो." सायली ताडकन उठली. "मी हरले आणि वर तुम्ही म्हणता आणखी चेष्टा करा? लाज नाही वाटत या वयात?"

म्हातारा भांबावला. मी किटली हातात घेऊन मधे गेले. "अगं बाई, बस खाली. बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. पुन्हा प्रयत्न कर म्हणतायत ते."

तिला आधी हसू आलं, मग रडू. गोदीबाबूंना आपल्याकडचा अर्थ सांगितला तेव्हा ते म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. त्याचे ऐंशी हजार विरुद्ध तुमच्या पत्त्यांचे बाराशे, हा प्रयत्न नाही. ही तुमच्याकडचीच चेष्टा." आणि मग माझ्याकडे वळले. "माओशी, ते पोतं आणा."

त्या दिवशी केराचा डाव सुरू झाला. नियम सरळ. पोत्यात हात घालायचा, न बघता चाळीस पत्ते काढायचे, त्यांतच खेळायचं, मारायला वापरलेला पत्ता बाद. संपलं की परत पोत्यात. कुणाला किती पगार आहे, कुणाच्या बापाची गाडी कुठली, काही चालत नाही. पोतं सगळ्यांना सारखंच आंधळं. चष्मेवाला हसत बसला आणि माझ्याशी हरला. हो, माझ्याशी! गोदीबाबूंनी मला बसवलं होतं. पत्त्यावरचं इंग्रजी मला येत नाही, पण कुठला पत्ता काय करतो ते एकदा ऐकलं की विसरत नाही. नवऱ्याच्या दुकानात चाळीस जणांचं सोनं चाळीस पुड्यांत असायचं, कुठल्याच पुडीवर नाव नसायचं.

मग तिसऱ्या का चौथ्या शनिवारी कुणीतरी पोत्यातला एक बरा पत्ता बाहीत घालून नेला आणि शंभर रुपयांना विकला. शंभर रुपयांना! पुढच्या वेळी गोदीबाबू येताना एक लाकडी मुठीचा रबरी ठप्पा आणि जांभळ्या शाईची डबी घेऊन आले. जुना ठप्पा. जहाजातून नमुन्याला म्हणून जो माल यायचा, त्याच्या खोक्यावर तसा मारायचे. मी विचारलं, काय लिहिलंय यावर? म्हणाले, "बाजारात मोल नाही."

ठप्पा बसलेला पत्ता कुणी विकत घेत नाही, खराब झाला म्हणतात. पण खेळायला चालतो. कोपऱ्यातला आकडा आहे तिथंच असतो. दर शनिवारी आठवड्याचा केर पोत्यात टाकण्याआधी ते टेबलाशी बसायचे आणि एकेका पत्त्यावर ठप्पा मारायचे. घाई न करता, न चुकता, उजव्या कोपऱ्यात. मी शाई भरायची. इतका निवांत आवाज होता तो. मला भट्टीच्या भात्याची आठवण यायची.

मालकाला हे खुपत होतंच. केराच्या टेबलावर गर्दी वाढली आणि पाकिटं खपेनात. येता-जाता टोमणे मारायचा. "काय माशी, कचऱ्याची राणी झालीस." "दादू, म्युनिसिपालटीत नोकरी देऊ का?" मी ऐकून घ्यायची. नवऱ्याला तेव्हा श्वासासाठी बाटलीतली हवा, ऑक्सिजन, लावायला लागली होती. चार हजार पगार सोडून जायचं कुठं?

तो शनिवार आला. दुपारची वेळ, सगळी टेबलं भरलेली. गोदीबाबूंनी केरातला एक पत्ता पुढ्यात घेतला, ठप्पा शाईत बुडवला, वर उचलला, आणि सायली किंचाळली, "दादू, थांबा!"

डबक्यातल्या बेडकाचा पत्ता. हिरवा, डोळे बटबटीत, कोपऱ्यात जोर फक्त एक. त्याची खोड एवढीच की मेला तरी हातात परत येतो. चार दिवसांपूर्वी मी तो खुर्चीखालून काढला होता. सायलीनं फोन दाखवला. म्हणाली, परदेशात कुणीतरी याच बेडकाच्या जिवावर मोठी स्पर्धा जिंकलाय, जो तो बेडूक शोधतोय, काल रात्रीपासून दाम नऊ हजार.

गोदीबाबूंनी बेडूक डोळ्यांजवळ नेला. "दाम नऊ हजार, जोर एक," ते म्हणाले. "जग चाळीस वर्षांत काही शिकलं नाही."

सगळे हसले. मालक हसला नाही. तो कपाटामागून आला आणि सरळ माझ्यापुढं उभा राहिला. "माझ्या दुकानातला माल कधीपासून नेतेस तू?"

मला कळलंच नाही, तो काय म्हणतोय. मी म्हटलं, "माल नाही, केर नेते. तुम्हीच सांगितलंत."

"नऊ हजाराचा केर? पिशवी दाखव."

आणि माझी वाट न बघता त्यानं खुंटीवरची पिशवी काढून टेबलावर उलटी केली. सगळ्यांसमोर. त्यातून काय पडलं? अर्धी पोळी कागदात बांधलेली, नवऱ्याच्या औषधाची चिठ्ठी, चष्म्याची तुटकी काडी, ऑटोला ठेवलेली चिल्लर. ती चिल्लर घरंगळत त्या ऐंशी हजारवाल्याच्या पायाशी गेली आणि तो खाली वाकून वेचायला लागला. मला त्या क्षणी मालकापेक्षा त्या चिल्लरीची जास्त लाज वाटली. आज वाटते ती मालकाची. भट्टीच्या घरात मी वीस वर्षं काढली, किलोकिलोनं सोनं पायाखालून गेलं, कुणी माझी ओंजळ कधी उघडून बघितली नव्हती.

गोदीबाबूंनी ठप्पा खाली ठेवला. उठले नाहीत. बसल्या बसल्याच विचारलं, "पाकीट कुणी विकलं?"

"मी," मालक म्हणाला.

"पैसे मिळाले?"

"मिळाले. पण..."

"मग माल तुझ्या गोदामातून सुटला. घेतलं कुणी?"

चष्मेवाला माझी चिल्लर मुठीत घेऊन उभा राहिला. "मी, दादू. तो बेडूक मीच टाकला होता. तेव्हा त्याला काही दाम नव्हता." आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "मला तो परत नको."

"टाकणाऱ्यानं टाकला," गोदीबाबू म्हणाले. "आता या बाईनं पहिल्या दिवशी तुला विचारलं, केर कुणाचा. मी त्या खुर्चीत बसलो होतो. तू काय म्हणालास?"

मालक कपाटाकडे बघायला लागला.

"'तुझाच' म्हणालास. हसलास पण."

"अहो, तेव्हा तो केर होता! आता तो पत्ता आहे!"

"कधीपासून?"

मालकाच्या तोंडून निघून गेलं, "कालपासून."

सगळं दुकान हसलं. हसलं म्हणूनच तो जास्त पेटला. म्हणाला, "झाडूवाली आहे ती! तिला काय कळतं यातलं? विकू दे तिला, बघतो मी कोण घेतो हा चोरीचा बेडूक. सगळ्या दुकानांना कळवतो."

गोदीबाबूंनी पुन्हा ठप्पा उचलला. शाई वाळली होती, ती भरली. माझ्याकडे बघितलं. "माओशी, मालकीण तुम्ही. विकायचा असेल तर सायली संध्याकाळपर्यंत पैसे हातात देईल, आणि हा काय ओरडायचं ते ओरडेल. नाहीतर हा ठप्पा आहे. तुम्ही सांगाल तसं."

नऊ हजार. मला त्यांचा हिशेब करायला वेळ लागला नाही. हवेच्या बाटल्या होत्या त्यात. पण विकला तर तो चोरीचा बेडूक होणार आणि मी चोर. कितीही खरी असले तरी. हा माणूस उद्या दहा ठिकाणी सांगणार, माझ्या झाडूवालीनं माझा माल विकला. आणि मला उद्या कुठल्या तरी दुसऱ्या दारात झाडू घेऊन उभं राहायचं होतं.

"मारा," मी म्हटलं.

ठप्पा बसला. या वेळी कोपऱ्यात नाही, बेडकाच्या पोटावर, जांभळा. नऊ हजार रुपये त्या एका आवाजात संपले. मालकाचं तोंड असं झालं की जणू त्याच्याच खिशातनं गेले. गोदीबाबूंनी बेडूक माझ्या हातात दिला, मला नमस्कार केला, आणि अगदी हळू म्हणाले, "माल उतरला."

मी टेबलावरची पोळी, चिठ्ठी, काडी गोळा केली. चष्मेवाल्यानं चिल्लर दिली, मोजून. मालक म्हणाला, उद्यापासून येऊ नकोस. मी म्हटलं, "आजपासूनच येत नाही." पोतं डोक्यावर घेतलं. माझ्यामागं गोदीबाबू उतरले, त्यांच्यामागं सायली, आणि तिच्यामागं अख्खं केराचं टेबल.

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो खाटेवर उठून बसला होता, तोंडावरची नळी बाजूला करून म्हणाला, "नऊ हजार गेले?"

"गेले."

"चोर म्हणाला तो?"

"म्हणाला. आता म्हणता येणार नाही."

"मग चहा टाक," तो म्हणाला.

त्या थंडीत तो गेला. नऊ हजारांनी फुप्फुस नवं येत नाही, हे मला कळतं. डॉक्टरही तेच म्हणाले. तरी कधी चहाला आधण ठेवलं की वाटतं, आणखी दोन बाटल्या आल्या असत्या. मी कुणाला हे बोलून दाखवलं नव्हतं. एकदा गोदीबाबूंना बोलले. ते म्हणाले नाहीत की तुम्ही बरोबर केलंत. म्हणाले, "ठप्पा माझ्या हातात होता. अर्धं माझ्याकडे द्या." असं कुणी म्हणत नाही हो.

मी तिथंच, त्याच रस्त्यावर, चार इमारती सोडून फुटपाथवर चहाची टपरी टाकली. सायलीनं आणि त्या चष्मेवाल्यानं स्टोव्ह आणून दिला. दोन बाकडी, एक फळी. शनिवारी फळीवर केराचा डाव. पत्त्यांवर चहा सांडायचा, कडा मऊ पडायच्या, कुणी फिकीर करायचं नाही. गोदीबाबू दोन बस बदलून यायचेच. डोळ्यांना कमी दिसायचं, तरी ठप्पा कोपऱ्यात अचूक बसायचा. कुणी हरलं की दोघंही एकदम म्हणायचो, "आबार चेष्टा करो." कुठल्या भाषेतला अर्थ घ्यायचा तो हरणाऱ्यानं घ्यावा.

शेवटी मुलगी न्यायला आली. सिलीगुडीला, आता एकटं राहायचं नाही म्हणून. जायच्या शनिवारी ते टपरीवर आले तेव्हा हातात पिशवी नव्हती, फक्त ठप्पा. तो माझ्या गल्ल्याच्या डब्याशेजारी ठेवला. मी म्हटलं, "बाबू, मला वाचता येत नाही यावरचं." म्हणाले, "म्हणूनच तुमच्याकडे ठेवतोय. वाचता येणारे त्याचा पण धंदा करतील."

आणि झालंच ते! वर्ष गेलं असेल. एक परका माणूस टपरीवर आला. चहा नको म्हणाला, जांभळ्या ठप्प्याचे पत्ते दाखवा म्हणाला. फोनवर कुणीतरी फोटो टाकले होते. सॉल्ट लेकचे केराचे पत्ते, दादूच्या ठप्प्याचे, जगात दुसरीकडे कुठं नाहीत. एका पत्त्याला पाचशे द्यायला तयार. मी म्हटलं, "अरे, त्यावर लिहिलंय ना, बाजारात मोल नाही म्हणून!" तो म्हणाला, "म्हणूनच तर, माशी." काय म्हणावं या लोकांना? मी सिलीगुडीला फोन लावून गोदीबाबूंना सांगितलं. ते इतके हसले की खोकला लागला. मग म्हणाले, "माओशी, यांच्यावर ठप्पा मारायला पाहिजे होता." तेच त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं. पुढच्या महिन्यात मुलीचा फोन आला.

माणूस गेल्याचं कळलं आणि आठवड्यात पाचशेचे दोन हजार झाले. माणूस गेला आणि दाम चढला! मला इतका संताप आला की मी तो अख्खा शनिवार कुणाला चहा दिला नाही. स्टोव्हजवळ, लोकांकडे पाठ करून बसले. सायली म्हणाली, "मावशी, त्यांनी काय म्हटलं असतं?" काय म्हटलं असतं ते मला माहीत होतं. त्यानं राग जात नाही.

आणि गेल्या महिन्यात तो आला. दुकानमालक. जरा वाळलाय. दुकान चालत नाही म्हणे, सगळं फोनवरच मिळतं. बाकावर टेकला, चहा मागितला, पहिल्यांदा 'आपनी' म्हणाला. मग हळूच विषय काढला. बेडूक आहे का अजून? ठप्प्याचा बेडूक. जो दाम सांगाल तो.

मी गल्ल्याचा डबा उघडला नाही. पोतं ओढून पुढं ठेवलं. म्हटलं, "बेडूक यातच आहे. बसा. चाळीस काढा, मी चाळीस काढते. जिंकलात तर बेडूक फुकट न्या."

बाकावरची सगळी पोरं गोळा झाली. त्यानं हात घातला, मी हात घातला. पोतं आंधळंच आहे, मी काही बघून काढला नाही. पण माझ्या सातव्या पत्त्याला तो निघाला, पोटावर जांभळा, कडा चहानं तपकिरी. जोर एक. मी तो टाकला. त्यानं मारला. परत माझ्या हातात आला. परत टाकला. त्यानं परत मारला. त्याचे मोठे मोठे राक्षस त्या एका बेडकापायी एकेक करून खर्ची पडले आणि शेवटी त्याच्या हातात काही उरलं नाही.

तो बेडकाकडे बघत बसला. मी त्याचा रिकामा कप उचलला, फळी पुसली, पत्ते गोळा करून पोत्यात टाकले, बेडूकसुद्धा.

"आबार चेष्टा करो," मी म्हटलं.